आईचा गुडघा बदलायचा का? ठरवण्याआधी आणि ठरवल्यावर काय करायचं

आईचे गुडघे बदलायचे का, हा प्रश्न घरात निघाला की चर्चा पैशांवरून सुरू होते. मग कुठल्या डॉक्टरकडे जायचं यावर येते. आईला त्या गुडघ्याने नेमकं काय करायचंय हे विचारायचं मात्र राहूनच जातं. सांधेरोपणाच्या निकालांवर जगभर झालेलं संशोधन वाचलं तर हा क्रम उलटा करावा असं माझं मत झालंय. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन छान झालं आणि आई म्हणते "दुखतंयच की रे", तेव्हा दोघंही खरं बोलत असतात. डॉक्टर एक्स-रे बघून बोलतात, आई देवघरासमोर बसता येत नाही म्हणून बोलते.

हे सगळं साठी-सत्तरीतल्या झिजलेल्या गुडघ्यांबद्दल आहे. पडून खुब्याचं हाड मोडलं तर तो वेगळा मामला. तिथे महिनाभर विचार करायला वेळ नसतो. तब्येत झेपत असेल तर दोन दिवसांच्या आत ऑपरेशन झालेलं बरं.

आधी दोन आकडे

स्वीडनमध्ये १९७५ पासून गुडघेरोपणाची राष्ट्रीय नोंदवही आहे, ब्रिटनमध्ये २००३ पासून. कुणाला कुठला सांधा बसवला आणि तो पुन्हा उघडावा लागला का, हे त्यात लिहिलं जातं. अशा परदेशी नोंदवह्यांचा एकत्रित अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातला अंदाज असा, की पूर्ण बदललेल्या १०० गुडघ्यांपैकी ८२ गुडघे २५ वर्षं टिकतात. त्याच नियतकालिकात २०१७ मध्ये आलेला ब्रिटिश अभ्यास सांगतो, की सत्तरीनंतर गुडघा बदलला तर उरलेल्या आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता साधारण ५ टक्के असते. पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे "आता वय झालं, कशाला चिरफाड" हे वाक्य निदान टिकाऊपणाच्या बाबतीत तरी उलटं आहे. घाई टाळायची ती पन्नाशीत.

दुसरा आकडा जाहिरातीत दिसत नाही. गुडघा बदललेल्यांपैकी साधारण १० ते २० टक्के लोक नंतर समाधानी नसतात. सांधा निखळलेला नसतो, जंतुसंसर्ग नसतो, तरी दुखणं राहतं किंवा मनासारखं चालता-बसता येत नाही. हे लोक कोण, याचाही अभ्यास झालाय. एक्स-रेमध्ये झीज थोडीच असताना ज्यांचं ऑपरेशन झालं, ज्यांची कंबर आणि बाकी सांधेही दुखतात, ज्यांना नैराश्य आहे किंवा दुखण्याची धास्ती बसलीय, आणि ज्यांनी नव्या गुडघ्याकडून भलतीच अपेक्षा ठेवली होती, त्यांचं प्रमाण यात जास्त भरतं. यातल्या बऱ्याच गोष्टी ऑपरेशनच्या आधी कळतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: दुखणं गुडघ्याचंच आहे ना?

खुबा झिजला तरी कधीकधी दुखतो गुडघा. कमरेत शीर दबली तरी कळ गुडघ्याखाली उतरते. किनवटसारख्या भागात पाण्यातल्या फ्लोराइडमुळेही सांधे आणि पाठ आखडते. त्यामुळे डॉक्टरांनी खुबा फिरवून बघितला का, कंबर तपासली का, याकडे लक्ष ठेवा. एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातलं अंतर आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. झीज ठरवायला सहसा एमआरआय लागत नाही. उलट या वयात एमआरआय काढला की सांध्यातली गादी फाटल्याचं बहुतेकांत दिसतंच, आणि मग "दुर्बिणीने आतून साफ करून देतो" असा सल्ला मिळतो. २००२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत काही रुग्णांना नुसत्या वरवरच्या चिरा दिल्या आणि काहींचा झिजलेला गुडघा खरोखर दुर्बिणीने धुतला. दोन वर्षांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. झिजेसाठी हा खर्च करू नका.

दुसरी पायरी: बारा आठवडे मनापासून व्यायाम

डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना बारा आठवडे देखरेखीखाली व्यायाम, वजनाचा सल्ला, बुटातले सोल आणि गरजेपुरत्या गोळ्या दिल्या. निम्म्या लोकांचा त्याआधी गुडघाही बदलला. वर्षाने ऑपरेशनवाले जास्त सुधारले होते, यात वाद नाही. पण त्यांच्यात गंभीर गुंतागुंतही जास्त झाली. आणि नुसता व्यायाम करणाऱ्यांपैकी वर्षभरात ऑपरेशनकडे वळले ते २६ टक्के. बाकीच्यांनी वर्ष तरी निभावून नेलं. बारा आठवडे कुठल्याच अर्थाने वाया जात नाहीत. ऑपरेशन टळलं तर ठीक, नाही टळलं तर मांडीचे स्नायू त्यासाठी तयार होतात.

घरी करायचे व्यायाम साधे आहेत. पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, मांडी आवळून गुंडाळी खाली दाबा, पाच मोजा, सोडा. मग झोपून पाय सरळ ठेवून वीतभर उचला. तिसरा व्यायाम सगळ्यात महत्त्वाचा: हात न टेकता खुर्चीवरून उठायचं आणि हळूहळू बसायचं. पहिल्या आठवड्यात हात टेकले तरी चालतील. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा करा. दुखणं थोडं वाढलं तर घाबरू नका. रात्रीपर्यंत कमी झालं नाही किंवा दुसऱ्या दिवशी सूज आली, तर मात्र पुढच्या दिवशी निम्मं करा.

वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची. आपल्याकडे बरेच लोक ती चुकीच्या हातात धरतात असं दिसतं. शेतात उकिडवं बसून खुरपणं थांबवायला सांगणं सोपं, ऐकणं अवघड. तरी सायकल कोळपं, लांब दांड्याचं खुरपं, कापसाच्या पाटीखाली स्टूल, असं काहीतरी बघा. तासन्‌तास उकिडवं बसून किंवा गुडघे टेकून केलेल्या कामाचा आणि झिजेचा संबंध अभ्यासांत पक्का दिसलाय.

गोळ्यांबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. रक्तदाब, साखर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसाने एप्रिल-मेच्या उन्हात, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या रोज खाणं हे मूत्रपिंडाशी खेळणं आहे. आणि बाजारातून आणलेल्या, नाव नसलेल्या ज्या पुडीने दोन दिवसांत हरणासारखं पळता येतं, तिच्यात स्टेरॉइड असण्याचा संशय घ्या. महिनोन्‌महिने घेतलेली अशी पुडी ऑपरेशनच्या तोंडावर अचानक बंद केली तर रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून लाजू नका, पुडी सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवा. गुडघ्यात सुई मारून घेतली असेल तर तारीख लिहून ठेवा. स्टेरॉइडच्या सुईनंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

तिसरी पायरी: वही घाला

शंभर पानी वही आणा आणि पहिल्या पानावर आईच्याच शब्दांत लिहा: काय करता येत नाही, आणि काय करायचंय. एसटीची पायरी चढायचीय? रात्री तीनदा कुशी बदलताना जाग येते? ही उत्तरं नव्या गुडघ्याच्या आवाक्यातली आहेत. सपाट रस्त्यावर चालणं, जिना, झोपमोड करणारं दुखणं, वाकडे झालेले पाय, यांत गुडघेरोपण चांगलं काम करतं.

"पंगतीत मांडी घालून बसायचंय", "उकिडवं बसून भांडी घासायचीत" असं उत्तर आलं तर मात्र थांबा. बदललेला गुडघा साधारण ११० ते १२० अंशांत वाकतो. खुर्ची आणि कमोडला ९०-१०० अंश पुरतात, उकिडवं बसायला १३० च्या पुढे लागतात. शिवाय ऑपरेशनआधी गुडघा जेवढा वाकत होता, त्यावरच नंतर किती वाकेल हे बरंचसं ठरतं. 'जास्त वाकणारा' म्हणून महागडा सांधा विकला जातो, पण चाचण्यांमध्ये त्याने वाकण्यात म्हणण्यासारखा फरक पडलेला नाही. काही जण नंतर मांडी घालतातही, पण त्या भरवशावर ऑपरेशन ठरवू नये. वारीचं विचाराल तर, पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर निघण्यात चालणं ही त्यातल्या त्यात सोपी बाजू. मुक्कामाला सतरंजीवर बसणं-उठणं आणि शेतात प्रातर्विधीला जाणं, तिथे अडतं. घडीची खुर्ची आणि घडीचा कमोड घेऊन जाणार असाल तर वर्षाने, डॉक्टरांना विचारून, काही टप्पे चालायला हरकत नसावी.

दुसऱ्या पानावर दोन मोजमापं लिहा. खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. याला १२ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. दुसरं मोजमाप ऑक्सफर्ड गुडघा गुणांकाचं. त्यात रोजच्या दुखण्या-चालण्याचे १२ प्रश्न असतात, गुण ० ते ४८, आणि ४८ म्हणजे काहीच त्रास नाही. फिजिओथेरपिस्टकडून तो भरून घ्या. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा भरा. "बरं आहे" आणि "काही फरक नाही" यांच्या मधलं खरं काय ते त्यात उमटतं.

चौथी पायरी: ऑपरेशनच्या आधीचे दोन महिने

साखरेचं तीन महिन्यांचं प्रमाण, म्हणजे एचबीए१सी, साडेसात-आठच्या वर असेल तर आधी ते खाली आणा. हिमोग्लोबिन कमी असेल तर कारण शोधून भरून काढा, कारण ऐनवेळी रक्त चढवण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. हृदयाची तपासणी होतेच. दात किडलेला, हिरडीत पू, लघवीला जळजळ, टाचेच्या भेगांतून पाणी, बोटांच्या बेचक्यात चिखल्या: हे सगळं आधी निस्तरा. जंतू नव्या सांध्यापर्यंत पोचायला एवढ्या वाटा पुरतात. अनेक डॉक्टर तळपाय बघत नाहीत, तुम्ही दाखवा.

तंबाखूबद्दल डेन्मार्कमधला २००२ चा अभ्यास डोळे उघडणारा आहे. खुबा किंवा गुडघा बदलणार असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी काहींना ६ ते ८ आठवडे आधीपासून बिडी-सिगारेट सोडायला मदत केली. त्यांच्यात जखमेच्या तक्रारी ५ टक्के, बाकीच्यांत ३१ टक्के. आपल्याकडच्या आज्या विडी ओढत नाहीत, मिश्री लावतात. डॉक्टरांनी "सिगारेट ओढता का" विचारलं की नाही म्हणून मोकळ्या होतात. मिश्रीतही निकोटीन असतं, ते सांगा आणि निदान त्या दोन महिन्यांपुरती तरी डबी लपवा.

पाचवी पायरी: दवाखाना आणि पैसे

वर्षाला जास्त गुडघे बदलणाऱ्या डॉक्टरांचे आणि रुग्णालयांचे निकाल सरासरीने चांगले असतात, हे अनेक देशांत दिसलंय. म्हणून "वर्षाला किती करता?" हा प्रश्न बिनधास्त विचारा. नांदेडकर हैदराबाद गाठतात, धाराशिवचे लोक सोलापूर. जा, पण टाके, सूज आणि फिजिओथेरपीसाठी परत-परत जावं लागतं हे धरून चाला. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरी आणि लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथे अस्थिरोग विभाग आहेत. आधी तिथे चौकशी करायला काहीच बिघडत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. सत्तरीच्या पुढच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. पण योजना आहे म्हणजे त्या दवाखान्यात गुडघ्याचं पॅकेज चालतंच असं नाही. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटून नेमकं विचारा, होकार मिळाल्याशिवाय भरतीची तारीख घेऊ नका. आयुष्मानची चौकशी १४५५५ वर होते.

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तेव्हा सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरला. त्यानंतर मर्यादा बदलत गेली, म्हणून चालू दर विचारा. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. आणि सांध्याच्या खोक्यावरचं स्टिकर वहीत चिकटवून घ्या, त्यावर कंपनी, प्रकार आणि क्रमांक असतो. का, ते ऐका. एएसआर नावाचा धातूवर धातू घासणारा खुबा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो बसवलेल्यांपैकी कित्येकांचा नंतर पत्ताच लागला नाही.

सोनेरी गुडघा (सोनेरी लेप दिलेला सांधा), तीस वर्षांची हमी, रोबोट: या तिन्हींबद्दल माझं मत थंड आहे. रोबोटने हाडाचा काप जास्त अचूक बसतो हे खरं, पण त्यामुळे वर्षानुवर्षांनी दुखणं कमी राहतं हे पक्कं ठरलेलं नाही. त्यासाठी कर्ज काढू नका. दोन्ही गुडघे एकाच दिवशी केले तर खर्च आणि सुट्ट्या वाचतात, पण हृदय-फुप्फुसांवर ताण जास्त पडतो. पंचाहत्तरीच्या पुढे किंवा हृदयविकार असेल तर मी तरी एकेक करा असंच म्हणेन.

सहावी पायरी: महिना निवडा, घर लावा

पेरणीच्या धांदलीत किंवा सोयाबीन काढणीला ऑपरेशन ठेवलं की आई दिवसभर घरात एकटी. सहा आठवडे घरात कुणीतरी धडधाकट माणूस असेल तेव्हाची तारीख घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी तर हा हिशेब आधी करायचा.

झोळ पडलेली बाज काढा, गुडघ्याच्या उंचीचा पलंग आणि हाताची खुर्ची लावा. कमोड खुर्ची आणा. न्हाणीतलं शेवाळ घासून काढा, भिंतीला दांडी ठोका. सतरंज्या, वायरी, दारातल्या चपला उचला. संडासापर्यंत रात्री दिवा लागेल असं बघा, वीज जाते म्हणून उशाशी बॅटरी.

सातवी पायरी: पहिली रात्र ते सहावा आठवडा

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. पहिल्या दोन-तीन रात्री काही वृद्ध माणसं अचानक भलतंच बोलू लागतात, सलाईन ओढतात, मुलाला ओळखत नाहीत. घरचे हादरतात, कुणी बाहेरचं झालं म्हणतं. याला डिलिरियम म्हणतात. भूल, वेदनाशामकं, झोपमोड, अंगातलं पाणी कमी होणं, अशी त्याची कारणं असतात. ज्यांना आधीच विसरभोळेपणा आहे, कमी ऐकू येतं किंवा दारूची सवय आहे त्यांना जास्त होतो. चष्मा आणि कानाचं यंत्र लगेच लावा, ओळखीचं माणूस जवळ बसवा, दिवसा खिडकी उघडी आणि रात्री अंधार ठेवा, आणि सिस्टरला ताबडतोब सांगा. बहुतेकांचा तो काही दिवसांत उतरतो.

घरी आल्यावर खरी परीक्षा उंबरठ्याची. दोन्ही बाजूंना जमीन सारखी असेल तर वॉकर आधी पलीकडे ठेवायचा, चारही पाय टेकलेत का बघायचं, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. अंगण खाली असेल तर उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, परत चढताना चांगला पाय आधी. वळताना कमरेतून गर्रकन वळायचं नाही, छोटी पावलं टाकत वळायचं. मदत करणाऱ्याने हाताला धरून ओढू नये, ऑपरेशनच्या बाजूला अर्धं पाऊल मागे उभं राहावं.

गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नका. मऊ वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग सरळ होत नाही. टाचेखाली गुंडाळी ठेवा. दर तासाला तळपाय वर-खाली करा, पोटरीत गुठळी होऊ नये म्हणून. रक्त पातळ करणारी गोळी चुकवू नका. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. तेल-मालिश, शेक, लेप अजिबात नको, ओळखीचा मालिशवाला कितीही हात चांगला आहे म्हणाला तरी. टाके सहसा १२-१४ दिवसांनी निघतात. वॉकरवरून काठीवर यायला तीन-चार आठवडे लागतात. मोटारसायकलवर मागे बसायचं ते सहा आठवड्यांनंतर, डॉक्टरांना विचारून.

जखमेतून पाणी किंवा पू येणं, थंडी वाजून ताप, पोटरी कडक होऊन दुखणं: त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप किंवा छातीत दुखणं असेल तर १०८ ला फोन.

वर्षभरात आणि पुढे

जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, चालताना आतून टकटक, महिनोन्‌महिने थोडी ऊब: हे बहुतेकांना होतं, त्यात बिघाड नसतो. सुधारणा वर्षभर होत राहते, म्हणून तिसऱ्या महिन्यात "फुकट गेले पैसे" असं ठरवू नका. व्यायाम सोडला की मात्र सुधारणा तिथेच थांबते.

वर्षाने एक्स-रे काढा, नंतर डॉक्टर सांगतील तसा काही वर्षांनी. आणि पाच-सात वर्षं छान चाललेला गुडघा एखाद्या दिवशी सुजला, तापला, दुखायला लागला, तर गावात अँटिबायोटिकची गोळी घेऊ नका आणि कुणाला त्यात सुई घालू देऊ नका. आधी घेतलेल्या गोळीने जंतू तपासणीत सापडत नाहीत आणि उपचार भरकटतात. वही, स्टिकर आणि जुने एक्स-रे घेऊन थेट सांधा बदलणाऱ्या डॉक्टरकडे जा.